सोन्याच्या नाण्याला मातीचा पत्ता हवा

इ.स. २०२ च्या सुमाराला रोमच्या टांकसाळीत पाडलेलं एक सोन्याचं नाणं आहे. रुंदी जेमतेम वीस मिलिमीटर, वजन सव्वासात ग्रॅमच्या आसपास. दर्शनी बाजूला सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसचा दाढीवाला चेहरा आणि भोवती त्याच्या पदव्या. त्यातच एक आकडा आहे, लोकाधिकाराचं, म्हणजे सम्राटाला दरवर्षी नव्याने मिळणाऱ्या सत्तेचं, दहावं वर्ष. नाण्याचं साल ठरतं ते त्यावरून. उलट बाजूला तीन चेहरे. मधोमध राणी जुलिया डोम्ना, थेट आपल्याकडे बघणारी. समोरून काढलेला चेहरा त्या काळच्या रोमन नाण्यांवर फार विरळा. तिच्या एका अंगाला थोरला मुलगा काराकाल्ला, डोक्यावर विजयपत्रांचा मुकुट. दुसऱ्या अंगाला धाकटा गेटा उघड्या डोक्याने, कारण तो अजून युवराज होता, सहसम्राट झालेला नव्हता. कडेने अक्षरं आहेत, 'फेलिसितास साएकुली', म्हणजे युगाचं सौख्य.

पुढे डिसेंबर २११ मध्ये काराकाल्लाने धाकट्या भावाला मारून टाकलं. आईच्या मिठीतच त्याचा जीव गेला, असं त्या काळचा इतिहासकार कॅसियस डिओ लिहितो. भावाचं नावही उरू नये म्हणून शिलालेखांवरून ते छिन्नीने उडवलं गेलं. बर्लिनच्या संग्रहालयात या कुटुंबाचं लाकडावर रंगवलेलं एक गोल चित्र आहे, त्यात गेटाच्या चेहऱ्याच्या जागी नुसता पुसट डाग उरला आहे. गेटाचा चेहरा असलेली नाणीही काराकाल्लाने वितळवली, हे डिओच सांगतो. तरी ती आज बघायला मिळतात. कुणीतरी ती आधीच जमिनीत पुरली होती, किंवा नंतरही हातची सोडली नाहीत.

या दोन शक्यतांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. समजा एका मडक्यात गेटाचं नाणं निघालं आणि त्याच मडक्यातलं सर्वांत उशिराचं नाणं २१० सालचं आहे. मग खुनाचा आणि वितळवण्याचा प्रश्नच येत नाही, मडकं आधीच बंद झालं होतं. पण शेजारी २१५ सालचं नाणं असेल, तर मालकाने चार वर्षं ते तोंड जपून ठेवलं, किंवा राजधानीतला तो द्वेष त्या मुलखापर्यंत पोचलाच नाही. नाणं तेच, चेहरा तोच. इतिहास मात्र शेजारच्या नाण्यांवरून ठरतो. मडक्यातून सुटं काढून लिलावाच्या मखमली तबकात ठेवलेलं नाणं यातलं काहीएक सांगू शकत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. कुठून आलं याची खात्रीलायक नोंद नसलेलं प्राचीन सोन्याचं नाणं कुणी विकू नये, कुणी घेऊ नये. पण हा नियम आपल्या देशात नुसता सांगून भागणार नाही, कारण आपला कायदाच शोधणाऱ्याला सराफाच्या दारात नेऊन सोडतो. त्याची दोन कलमं बदलायला हवीत.

आधी हे चेहरे एवढे मोलाचे का, ते पाहू. सोन्याचं रोमन नाणं, ऑरियस, चांदीच्या २५ दिनारियसांचं आणि पितळी १०० सेस्टर्सचं होतं. ते भाजीपाल्याच्या व्यवहारात फिरत नसे. सैन्याची बक्षिसं, जमिनीचे सौदे, दूरचा व्यापार आणि श्रीमंतांची शिल्लक ही त्याची जागा. त्यामुळे त्यावर काय छापायचं हे विचारपूर्वक ठरायचं. ५४ साली सोळा वर्षांचा नीरो गादीवर आला. त्या सालच्या सोन्याच्या नाण्यावर तो आणि आई अग्रिपिना समोरासमोर आहेत, दोघं सारख्याच आकाराचे, आणि दर्शनी बाजूच्या पदव्या आईच्या आहेत. नीरोचं नाव मागच्या बाजूला गेलं आहे. पुढच्याच वर्षी दोन्ही चेहरे एकाच दिशेला वळतात, नीरो पुढे येतो, आई त्याच्या आड जाते आणि तिच्या पदव्या मागच्या बाजूला सरकतात. त्यानंतर ती नाण्यावरून नाहीशी होते. ५९ साली नीरोने तिला मारवलं. दरबारात काय चाललंय ते सोनं हाताळणाऱ्या माणसाला असं वर्षावर्षाने दिसत होतं. क्लॉडियसने ब्रिटन जिंकल्यावर नाण्यावर कमान काढली आणि तिच्यावर घोडेस्वार. व्हेस्पेशियनने जिंकलेला ज्यूडिया प्रांत खाली बसून रडणाऱ्या बाईच्या रूपात काढला. ट्रेजनने डेसिया आणि पार्थिया जिंकल्याची ग्वाही दिली.

चित्राइतकंच वजन बोलतं. सीझरच्या वेळी एका रोमन पौंडात ४० ऑरियस पाडत, म्हणजे नाणं सुमारे आठ ग्रॅमचं. नीरोने ६४ साली ४५ पाडले, काराकाल्लाने २१५ साली ५०, डायोक्लेशियनने ६०, आणि कॉन्स्टंटाइनचं सोन्याचं नवं नाणं, सॉलिडस, ७२ ला येऊन थांबलं, साडेचार ग्रॅमवर. चेहरा दिमाखदार होत गेला आणि सोनं हलकं होत गेलं. आणि लोकांनी हे ओळखलं की नाही, हे पुरलेल्या निधीतच दिसतं. जुनी जड नाणी वेगळी काढून ठेवली होती का, नवी हलकी नाणी मिसळली होती का, हे पूर्ण निधी मोजल्याशिवाय कळत नाही.

सोन्याची एक खास अडचण आहे. तांब्यावर हिरवा थर चढतो, चांदी काळवंडते, आणि त्या थरावरून मातीचा काही अंदाज बांधता येतो. सोनं दोन हजार वर्षं पुरून ठेवलं तरी बहुतेक वेळा जसंच्या तसं निघतं. म्हणून सोन्याच्या नाण्याला अंगावरची खूण जवळपास नसतेच. त्याची जागा कळायची ती फक्त कुणी नोंदली असेल तर. बनावट नाणी खपवणाऱ्यांच्या पथ्यावर पडतं ते हेच. ओतीव नकलेत कडेला सांध्याची रेघ, बारीक भोकं आणि अक्षरांच्या कोपऱ्यांत बोथटपणा दिसतो. हलक्या सोन्याची नक्कल विशिष्ट गुरुत्वात पकडली जाते, कारण शुद्ध सोनं १९.३ आणि सुरुवातीचे ऑरियस त्याच्या अगदी जवळ असतात. पण खऱ्या कसाच्या सोन्यावर नव्या पोलादी साच्याने ठोकलेली नक्कल या दोन्ही चाचण्यांतून सुटू शकते. जमिनीतून शास्त्रीय पद्धतीने निघालेल्या नाण्याशी साचा जुळवून बघणं हा मग उरलेला भक्कम आधार. म्हणजे नोंदलेले निधी कमी झाले की संग्राहकाच्या तिजोरीतल्या नाण्यांचाही भरवसा कमी होतो. हे संग्राहकांनी स्वतःच्या हितासाठी तरी लक्षात घ्यावं.

नोंद झाली आणि नाही झाली, तर काय होतं? इंग्लंडमध्ये कॉर्ब्रिज इथे १९११ च्या उत्खननात काशाच्या सुरईत १६० ऑरियस मिळाले. सुरईच्या तोंडाशी तांब्याची दोन नाणी ठेवलेली होती. कुणी वरवर बघितलं तर चिल्लर वाटावी, ही लपवणाऱ्याची युक्ती. ती दोन नाणी कवडीमोलाची. पण त्यांच्यामुळे अठराशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाची धास्ती आपल्यापर्यंत पोचली. बाजारात गेली असती तर पहिल्यांदा तीच फेकली गेली असती.

याउलट फ्रान्समध्ये आरासजवळच्या बोरँ इथे १९२२ साली विटांची माती खणताना मजुरांना प्रचंड निधी लागला. नाणी हातोहात गेली, व्यापाऱ्यांकडे गेली, देशोदेशी पांगली, काही आटवली गेली. त्यातच सुमारे ५३ ग्रॅमचं ते प्रसिद्ध सुवर्णपदक होतं. त्यावर घोड्यावर बसलेला रोमन सम्राट कॉन्स्टँशियस आहे, समोर वेशीपाशी गुडघे टेकलेली लंडन नगरी, खाली नाव, आणि लेख आहे 'अखंड प्रकाश परत आणणारा'. लंडनचं सर्वांत जुनं चित्र म्हणून ते सगळीकडे छापलं जातं. पण त्याच्या सोबत किती नाणी होती, कोणती होती, हे जुळवायला अभ्यासकांची पन्नासहून जास्त वर्षं गेली आणि तरी यादी अपुरीच राहिली. जर्मनीत ट्रिअर इथे १९९३ साली वाहनतळाच्या खोदाईत यंत्राने काशाचं भांडं फुटलं, काही नाणी राडारोड्याबरोबर निघून गेली. तरी अडीच हजारांहून जास्त ऑरियस, साडेअठरा किलो सोनं, एकत्र संग्रहालयात आलं.

भारताचा या गोष्टीशी संबंध थेट आहे. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी याने हिशोब दिला आहे की भारत दरवर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो. शंभराला एक या दराने ते पाच लाख ऑरियस होतात, वजनात जवळपास चार टन सोनं. प्लिनीचा आकडा खरा मानायचा की तक्रारीचा अतिरेक, याचा निवाडा त्याच्या पुस्तकातून होणार नाही, आपल्या जमिनीतल्या निधींवरूनच होईल. त्या निधींनी एक गोष्ट आधीच दाखवली आहे: ६४ साली नीरोने चांदीचा कस उतरवल्यावर भारतात येणारी चांदीची रोमन नाणी जवळपास बंद झाली, सोन्याची मात्र येत राहिली. आपले व्यापारी कस पारखत होते, याचा हा पुरावा. तो मिळाला निधी मोजल्यामुळे.

तमिळनाडूत पुदुकोट्टैजवळ १८९८ साली ५०१ ऑरियस सापडले. त्यातल्या ९० टक्क्यांहून अधिक नाण्यांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच छिन्नीचा घाव आहे. एखाद-दुसऱ्या नाण्यावर असा घाव दिसला असता तर कस तपासला असेल, असं म्हणून विषय संपला असता. कस बघायला कडेला बारीक चीर पुरते, आणि पाचशेतल्या साडेचारशेंच्या चेहऱ्यावर घाव योगायोगाने बसत नाही. ती नाणी चलनातून बाद करून नुसतं सोनं म्हणून ठरवली गेली, असा अर्थ बरेच अभ्यासक लावतात. इतर ठिकाणी उलटा प्रकार दिसतो: नाण्याला डोक्याच्या वर भोक पाडलेलं, गळ्यात घातलं की चेहरा सरळ राहावा असं. आपल्या पुतळ्यांच्या माळेची ही जुनी भावकी. पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचं सोन्याचं नाणं, त्यावरच्या उभ्या मूर्तींमुळे तिला ते नाव पडलं. एकीकडे चेहरा फोडणारे लोक, दुसरीकडे तो छातीवर मिरवणारे. कोण कुठे राहत होतं, हे गावाच्या नावाशिवाय कसं कळणार?

आणि उत्तर केरळात कण्णूरजवळच्या कोट्टयमला १८४७ साली निघालेला निधी पाच हमालांच्या ओझ्याइतका होता, असं सांगतात. त्यातली मोजकीच नाणी तपासली गेली. बाकीच्यांवर कोणाचे चेहरे होते, ते आता कुणालाही सांगता येणार नाही.

महाराष्ट्रातलं उदाहरण रोमन नाही, चांदीचं आहे, पण मुद्दा तोच. नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ साली क्षत्रप नहपानाची १३ हजारांहून जास्त नाणी सापडली, आणि त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. शत्रूच्या चेहऱ्यावर आपली मोहर. हे प्रमाण शाळेच्या पुस्तकापर्यंत पोचावं इतकं बोलकं आहे. तीच नाणी दहा-दहाच्या पुडीत विकली गेली असती, तर सातवाहनांच्या विजयाचा हा आकडा आपल्याकडे नसता.

आता बाजाराची बाजू. ऑक्टोबर २०२० मध्ये लंडनला ज्युलियस सीझरच्या मारेकऱ्यांपैकी एक असलेल्या ब्रूटसचं सोन्याचं नाणं ३२ लाख ४० हजार पौंडांना विकलं गेलं. एका बाजूला ब्रूटसचा चेहरा, दुसऱ्या बाजूला दोन खंजीर, मध्ये गुलामीतून सुटलेल्या माणसाची टोपी आणि खाली 'मार्चच्या ईड्स' ही सीझरच्या खुनाची तिथी. नाण्यावर स्वतःचं तोंड छापतो म्हणून सीझरवर एकाधिकाराचा ठपका आला, आणि त्याला मारणाऱ्यानेही तेच केलं. याहून मोलाचा राजकीय दस्तऐवज शोधून सापडणार नाही. सोबत जुन्या घराण्याच्या संग्रहाचा दाखला होता. तो खोटा निघाला. मार्च २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी ते नाणं ग्रीसला परत केलं. नाण्याला देश परत मिळाला, पण कोणत्या शेतातून, कोणत्या छावणीच्या जागेतून, कशासोबत निघालं, हे गेलं ते गेलंच. फिलिपीच्या लढाईआधी ब्रूटस सैन्याला पगार वाटत फिरत होता. त्या वाटेवरचा एक नेमका बिंदू या नाण्याने दिला असता.

संग्राहकांचा युक्तिवाद ऐकून घेतला पाहिजे, कारण तो पोकळ नाही. नाणी फिरण्यासाठीच जन्मतात, शतकानुशतकं युरोपात त्यांचे संग्रह आहेत, आणि नाणकशास्त्राचा पाया हौशी लोकांनीच घातला. जुन्या घरातल्या नाण्याला कागद कुठून आणणार? हे मान्य. म्हणून मर्यादा ठेवावी १९७० ची, सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धच्या युनेस्कोच्या कराराच्या सालाची. त्याआधीच्या एखाद्या लिलावाच्या यादीतला फोटो, जुनं पाकीट, संग्रहाची वही यांपैकी एक तरी हवं. फोटो जुळवणं अवघड नाही, कारण हाताने ठोकलेल्या प्रत्येक नाण्याची कड, मधल्या छापाची सरक आणि ओरखडे वेगळे असतात. तोंडी 'स्विस संग्रहातून' एवढ्यावर समाधान मानू नये, आणि कागद असला तरी तो लिहिणाऱ्याला शोधून विचारावं. संग्रहालयांच्या कपाटांत नाणी वर्षानुवर्षं यादीविना पडून असतात, हा आरोपही खरा आहे. त्यावर उपाय यादी करणं हाच. नाणी विकणं नव्हे.

आता आपला कायदा. निखात निधी अधिनियम १८७८ सालचा आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं, तर शोधणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं: काय आणि किती, कुठे, कधी. वस्तू जवळच्या सरकारी तिजोरीत जमा करायची किंवा तारण द्यायचं. मग जाहीर सूचना निघते आणि दावेदारांची सुनावणी चार ते सहा महिन्यांनी होते. मालक सापडला नाही आणि जमीन दुसऱ्याची असली, तर आपसांत ठरलं नसल्यास तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला, एक चतुर्थांश जमीनमालकाला. कलम १६ प्रमाणे सरकारला निधी हवा असेल तर ते घेऊ शकतं, आणि मोबदला ठरतो तो धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा. कळवलं नाही तर वर्षभरापर्यंत कैद.

मजुराच्या जागेवर उभं राहून हिशोब करा. दुसऱ्याच्या शेतात चर खणताना त्याला वीस ऑरियस मिळाले. वजन सुमारे १४६ ग्रॅम, म्हणजे जुन्या मापाने साडेबारा तोळे. सरकारने घेतले तर साडेबारावर पाचवा हिस्सा मिळून पंधरा तोळ्यांचे पैसे. त्यातला पाऊण वाटा त्याचा, सव्वाअकरा तोळ्यांचा. तोही सहा महिने तालुक्याच्या, जिल्ह्याच्या चकरा मारल्यावर. सराफाने मुशीत टाकले तर त्याच संध्याकाळी साडेबारा तोळ्यांचे. कायदा पाळणारा माणूस सोनं आटवणाऱ्यापेक्षा दहा टक्क्यांनी तोट्यात जातो. नाण्याची बाजारातली किंमत सोन्याच्या कित्येक पट असते, ती तर या हिशोबात कुठेच नाही. वर 'गुप्तधन' म्हटलं की गावात चर्चा, चौकीत चौकशी, घराची झडती ही भीती. त्यातून किती निधी मुशीत जातात, हे आपल्याला कधीच कळणार नाही, आणि तेच सर्वांत वाईट आहे.

ब्रिटनमध्ये १९९२ साली हॉक्सनला एक माणूस धातुशोधक यंत्राने मित्राची हरवलेली हातोडी शोधत होता. त्याला रोमन नाणी लागली. थोडी काढून तो थांबला आणि कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी पेटी जागेवरच उकलली, त्यामुळे लाकूड कुजून गेलं तरी पेटीचा आकार, आतली बांधणी, चांदीची इवलीशी कुलुपं जागच्या जागी नोंदता आली. १५ हजारांच्या आसपास नाणी, त्यात पाचशेहून जास्त सॉलिडस. शोधणाऱ्याला १७ लाख ५० हजार पौंड मिळाले आणि त्याने ते शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. पुढे १९९६ च्या कायद्याने तिथे स्वतंत्र समिती बाजारभाव ठरवते. बेकायदा घुसून खणलं, नियम मोडले, तर मोबदला कापला जातो किंवा मिळतच नाही.

बाजारभाव दिला तर गावोगाव लोक यंत्रं घेऊन खणत सुटतील, ही भीती रास्त आहे. तिच्यावर बंधन मोबदल्याच्या अटीतच घालता येतं: संरक्षित जागेतलं किंवा मुद्दाम खणून काढलेलं असेल तर शून्य, नांगर, पाया, विहीर, रस्ता यांत अवचित सापडून जागच्या जागी ठेवून कळवलं तर पूर्ण. पैसा कुठून, या प्रश्नाचं उत्तर १८७८ च्या कायद्यातच आहे. कलम १६ सरकारला निधीचा काही भागही घेऊ देतं. सगळी नाणी घ्यायला नकोत, सगळ्यांची नोंद मात्र आधी व्हायला हवी. म्हणजे बदल छोटा आहे: कलम १६ मध्ये धातूच्या किमतीऐवजी तज्ज्ञ समितीने ठरवलेला बाजारभाव, आणि कलम ४ च्या सूचनेत खोली, भांडं, सोबतच्या वस्तू आणि फोटो.

तोवर ज्याला सापडेल त्याने एवढं करावं. हात थांबवावा. भांडं अर्धं दिसत असेल तर बाहेर ओढू नये. शेजारी पट्टी किंवा निदान काडेपेटी ठेवून वरून आणि बाजूने फोटो काढावेत, त्यात ओळखता येईल असं झाड किंवा बांध यावा. जमिनीपासून खोली मोजावी. भांड्याचे तुकडे, चिंधी, कोळसा, गंजकं तांबं, काहीही फेकू नये. नाणी चिंच, रिठा, राख, ब्रश लावून धुऊ नयेत. घासल्याने वरची रेषा आणि अक्षरांच्या कडा जातात, आणि नाण्याला चिकटलेला कापडाचा धागा किंवा मातीचा कण हाच पुरावा असतो. कडी डाकवू नये, भोक पाडू नये, वाकलेलं सरळ करू नये. सगळी मोजून एकाच डब्यात, मधे मऊ कागद घालून ठेवावीत. वाटून घेऊ नयेत. मग तहसील कार्यालयामार्फत जिल्हाधिकाऱ्याला लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. पंचनाम्यात 'पिवळ्या धातूची नाणी, नग वीस' एवढंच लिहू देऊ नये. प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो आणि शंभराव्या भागापर्यंत ग्रॅममधलं वजन पंचनाम्याला जोडायला सांगावं. पंचनाम्यात नाण्यावरचा चेहरा कुणाचा, हे लिहिलेलं नसलं तरी चालेल. ते फोटोवरून दहा वर्षांनीही ओळखता येतं.